नाकाचे माप, रक्ताची साक्ष आणि प्रश्न विचारणारा

स्मरणिका समितीने आमच्याकडे एखादा अभ्यासपर लेख मागितला, तेव्हा विषय शोधण्याची वेळ आमच्यावर आली नाही. तो विषय इयत्ता नववीच्या वर्गातून आपणहून आमच्याकडे चालत आला होता. प्राचीन भारतातील समाजरचनेचे प्रकरण चालू असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि विचारले, "सर, मोबाइलवर सांगत होते की डीएनए तपासला की माणसाची जात कळते. मग आपलं रक्त खरंच वेगळं असतं का?"

वर्गात कोणी हसले नाही. सगळे आमच्या तोंडाकडे पाहत होते. "नाही" या एका शब्दात उत्तर देऊन आम्हांला पुढच्या परिच्छेदाकडे वळता आले असते. परंतु ज्या वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेनंतर कालामसुत्त समजावून सांगितले जाते, तेथे केवळ गुरुजी सांगतात म्हणून खरे माना, असे उत्तर देणे आमच्या जिवावर आले. "उद्या सांगतो" असे म्हणून आम्ही तास संपविला. तो उद्या पुढे चार महिने चालला. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आम्ही या प्रश्नावर विद्वानांनी एकमेकांना काय विचारले आणि काय उत्तर दिले, ते वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या शनिवारांचा वृत्तांत आहे. आमचा विषय इतिहास. मानववंशशास्त्र आणि जनुकशास्त्र यांत आम्हीही मुलांबरोबरचे विद्यार्थीच होतो, हे आधी सांगितलेले बरे.

आरंभ आम्ही सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तापासून केला. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला, की माणूस ब्राह्मण कशाने होतो, जन्माने की कर्माने? दोघे तथागतांकडे गेले. तथागतांनी त्यांच्यापुढे वनस्पती, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांची उदाहरणे ठेवली. त्यांच्यात जातीजातीगणिक जन्मसिद्ध खुणा वेगळ्या आहेत. माणसांत तशा नाहीत. केस, मस्तक, कान, डोळे, ओठ अशी एकेका अवयवाची नावे घेऊन ते हे सांगतात. त्या यादीत नाकही आहे, हे एका विद्यार्थिनीने बोट ठेवून दाखविले. आम्ही तिला म्हणालो, ते नाक लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

ते लागले ब्रिटिश अमदानीत. सर हर्बर्ट रिस्ले हे बंगालमधील सनदी अधिकारी पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, या गणिताने येणाऱ्या आकड्याला नासिकांक म्हणत. रिस्ले यांनी बंगाल आणि उत्तर भारतातील अनेक जातींच्या लोकांची नाके मोजली आणि असा सिद्धांत मांडला की, जातीचा सामाजिक दर्जा जितका वरचा तितके तिचे सरासरी नाक अरुंद. म्हणजे जात हा वंशाचाच प्रकार ठरला. वर आर्य, खाली अनार्य. १९०१ च्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा उद्योग झाला, तोही त्यांच्याच देखरेखीखाली. आपला क्रमांक वर लावून घेण्यासाठी देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. ज्यांच्याकडे अर्ज लिहिणारा माणूस नव्हता, त्यांचे काय झाले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस हे प्राध्यापकही डोकी मोजत होते, पण वेगळ्या हेतूने. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची मिळून सुमारे १८,००० माणसे त्यांनी मोजली. त्यांना असे दिसले की, डोक्याच्या आकाराचे प्रमाण आईबापांत आणि मुलांत बदलते. वंशाची पक्की खूण म्हणून जे मिरवले जात होते, ते एका पिढीत हलले. हे निष्कर्ष १९११ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच विद्यापीठात एक भारतीय विद्यार्थी दाखल झाला.

बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावरील निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या घरांत बाबासाहेबांचे ग्रंथ असतात. पण हा निबंध फार थोड्यांनी वाचलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. आकाराने तो लहान आहे. आम्ही तो विद्यार्थ्यांसमवेत तीन शनिवार वाचला आणि या लेखातही त्याच्यापाशी थोडे जास्त थांबणार आहोत.

बाबासाहेब त्यात आधीच्या विद्वानांना एकेक करून समोर बसवतात. फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाची व्याख्या घेतात, तपासतात आणि विचारतात, हे लक्षण जातीचे मूळ आहे की परिणाम? सहभोजनाची बंदी, विटाळाची कल्पना, पुरोहिताचे वर्चस्व ही सारी बाजूला सारत ते एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे जातीतल्या जातीत विवाह, अंतर्विवाह. भारतात गोत्राबाहेर लग्न करण्याचा नियम जुना आणि कडक. त्या बहिर्विवाहाच्या डोक्यावर अंतर्विवाह बसवला गेला आणि त्यातून जात निर्माण झाली.

येथे मुलांना गणित घातले. फळ्यावर दहा मुलगे आणि दहा मुली काढल्या, भोवती वर्तुळ. वर्तुळाबाहेर लग्न नाही. दहा जोड्या झाल्या. आता एक नवरा मेला, तर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे? बाहेर लग्न केले तर वर्तुळ तुटते. आत केले तर एखाद्या मुलीचा वर जातो. म्हणून तिला नवऱ्याच्या चितेवर जाळा, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादा. आणि बायको मेलेला पुरुष? तो पुरुष असल्यामुळे त्याला जाळत नाहीत. संन्यासी करावे तर ते निभत नाही आणि समाजाला त्याची गरजही असते. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून एक मुलगी द्या. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा उगम बाबासाहेब असा वर्तुळ टिकवण्याच्या गरजेत दाखवतात. या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, असे त्यांचे म्हणणे. फळ्यासमोर बसलेल्या मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "म्हणजे भिंत आमच्यावर बांधली." या निबंधाचे यापेक्षा नेमके आकलन आम्ही पदव्युत्तर वर्गातही ऐकले नव्हते.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नासाठी या निबंधातील आणखी एक विधान महत्त्वाचे आहे. भारतातील लोक वांशिकदृष्ट्या संमिश्र आहेत, निरनिराळ्या वाटांनी आलेले समूह येथे एकमेकांत मिसळले, एक सामायिक संस्कृती बनली आणि त्यानंतर त्या एकत्र झालेल्या समाजाचे तुकडे पाडले गेले, असा क्रम बाबासाहेब मांडतात. आधी मिसळण, नंतर भिंती. हा क्रम ध्यानात असू द्यावा.

पुढील प्रश्नोत्तर महाराष्ट्रातच घडले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्रमुख गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात रिस्ले आणि इतरांची मापे प्रांतवार लावून पाहिली. उत्तर प्रदेशाच्या भागात रिस्ले यांची उतरंड बरीचशी जुळली. अन्यत्र ती कोलमडली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांचीच कोष्टके घेतली. त्यांतील मुंबई इलाख्याचे कोष्टक आमच्या विद्यार्थ्यांना फार रंजक वाटले. शरीरमापांच्या हिशेबाने देशस्थ ब्राह्मण हा चित्पावन ब्राह्मणापेक्षा सोनकोळ्याला जवळचा निघतो. त्यानंतर जवळचे येतात महार आणि कुणबी. शेणवी आणि नागर ब्राह्मण त्याहून दूर! या मापनशास्त्रावर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश ठरत नाहीत, असे बाबासाहेबांनी प्रतिपक्षाच्याच फूटपट्टीने दाखवून दिले. घुर्ये यांचे राजकीय विचार त्यांना मान्य नव्हते, तरी घुर्ये यांची कोष्टके त्यांनी टाकली नाहीत. मतभेद असलेल्या माणसाकडून पुरावा कसा घ्यावा, हे आमच्या चळवळीतील काही वक्त्यांनी येथून शिकण्यासारखे आहे.

घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास केला. फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. नाझी राजवटीला पुढे त्यांचा आधार झाला. कवटीच्या या असमानतेत गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा काही फरक दिसत नाही, असे लिहून दिले. परदेशात, एकटीने, मार्गदर्शकाच्या समोर! पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. जातींच्या उगमाविषयी त्यांचे मत बाबासाहेबांहून वेगळे होते. एका समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या नाहीत, तर मुळातच वेगवेगळे असलेले समूह शेजारी शेजारी मांडले गेले, असे त्या म्हणत. हे मत आम्हांला पूर्णपणे पटत नाही. परंतु क. च. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची, म्हणजे महाराष्ट्रातील ब्राह्मण पोटजातींची, जैविक तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात 'ब्राह्मण' या एका नावाखालचे गट परस्परांहून वेगळे निघाले. वर्णाचे नाव एक असले म्हणून रक्त एक ठरत नाही, एवढे तरी तिने दाखविले.

हा निबंध 'करंट अँथ्रोपॉलॉजी' या नियतकालिकात आला होता. शिकागोच्या सोल टॅक्स यांनी ते १९५९ मध्ये सुरू केले. त्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लेख आला की तो देशोदेशीच्या विद्वानांकडे पाठवायचा, त्यांच्या टीका-टिप्पण्या लेखाखालीच छापायच्या आणि शेवटी लेखकाचे उत्तर. म्हणजे वाचकाला निकालासोबत खटलाही वाचायला मिळतो. १९७४ मध्ये जोन मेंचर यांचा जातिव्यवस्थेकडे उलट बाजूने पाहणारा निबंध याच नियतकालिकात आला. लुई द्यूमाँ यांनी शुद्ध आणि अशुद्ध या कल्पनांवर जातीची उपपत्ती उभी केली होती, आणि ती पुष्कळांना मोहक वाटत होती. मेंचर यांनी तमिळनाडू आणि केरळमधील शेतमजूर अस्पृश्यांमध्ये राहून काम केले होते. तळातून पाहिले तर ही व्यवस्था पावित्र्याची शिडी दिसत नाही. ती स्वस्त मजूर हाताखाली ठेवण्याची आणि त्यांना एकत्र येऊ न देण्याची योजना दिसते, असे त्यांनी लिहिले. आमच्या पालकांपैकी ज्यांनी सालगडी म्हणून दिवस काढले आहेत, त्यांना या शोधाचे नवल वाटणार नाही.

आता डीएनएकडे येऊ. २००९ मध्ये डेव्हिड राइश आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज यांच्या चमूने 'नेचर'मध्ये २५ भारतीय समूहांतील १३२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की, बहुतेक भारतीय हे दोन प्राचीन पूर्वजसमूहांचे मिश्रण आहेत. २०१३ मध्ये प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांनी ७३ समूह तपासले आणि हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचे दाखविले. त्यानंतर मिसळणे थांबले आणि समूह आपापल्या दारांआड गेले. २०१६ मध्ये पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी मिश्रणातील घटक आणखी बारकाईने वेगळे केले. अनेक उच्चवर्णीय समूहांत ही दारे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, एकाएकी बंद झाल्याचे त्यांचे अनुमान आहे. राइश यांच्या मते आंध्रातील वैश्य समाजात ती त्याहूनही आधी, दोन ते तीन हजार वर्षांपूर्वी, बंद झाली. सर्वत्र एकाच दिवशी कुलूप लागले नाही, एवढाच या तफावतीचा अर्थ आम्ही घेतो.

आधी मिसळण, नंतर भिंती. १९१६ च्या निबंधातील क्रम तो हाच. येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो. वर्गात तो आम्हांलाही झाला. पण ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, त्यानेच अडवले. "सर, उत्तरेकडच्या पूर्वजांचा वाटा वरच्या जातींत जास्त असतो, असंही त्यात लिहिलंय ना?" लिहिले आहे. सरासरीने तसे आढळते, आणि ते झाकून ठेवणे हा कालामसुत्ताचा अपमान झाला असता. परंतु सरासरी म्हणजे व्यक्ती नव्हे. २००९ च्या अभ्यासात हा वाटा निरनिराळ्या समूहांत ३९ ते ७१ टक्क्यांपर्यंत आढळला. शून्य कोठेही नाही, शंभरही कोठे नाही. वरच्या म्हणवणाऱ्यांत दोन्ही पूर्वज आहेत, खालच्या म्हटल्या गेलेल्यांतही दोन्ही आहेत. फरक आहे तो प्रमाणाचा. आणि या प्रमाणातून बुद्धी, गुण किंवा योग्यता यांविषयी काहीच सिद्ध होत नाही. पिढ्यान्पिढ्या आत लग्ने लावली की तपासणीत समूह ओळखू येतो, तसा तो येतोच. ती खूण लग्नाच्या नियमाने पाडलेली आहे. त्या नियमाची किंमत शरीरही मोजते. त्याच वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांहून पुष्कळ अधिक आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम अशा रुग्णांत धोकादायकरीत्या लांबतो. २०१७ च्या एका अभ्यासात २६० हून अधिक दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूहांत अशा आनुवंशिक दोषांचा संभव दाट असल्याचे दिसले. प्रयोगशाळेत भिंत दिसते. ती कोणी आणि कोणावर बांधली, हे विचारायला मात्र १९१६ च्या निबंधाकडेच परत जावे लागते.

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त आम्ही शेवटच्या शनिवारसाठी राखून ठेवले होते. अस्सलायन हा सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण, म्हणजे आमच्या दहावीच्या मुलांएवढा. त्या सुत्तात असित देवल ऋषी श्रेष्ठत्वाचा दावा करणाऱ्यांना विचारतात, तुमच्या आईची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांपर्यंतच्या माता ब्राह्मणांकडेच गेल्या, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ते म्हणतात, ठाऊक नाही.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांची मापे आणि दुसऱ्यांची उत्तरे वाचत होतो. एका गोष्टीची टोचणी मात्र लागून राहिली. या साऱ्या इतिहासात आपली माणसे कोठे आहेत? नाक मोजून देणारी, रक्त देणारी, माहिती सांगणारी. प्रश्न विचारणारी मात्र क्वचित. विचारणारा कोण आहे, यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा धडा जेराल्ड बेरेमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये लिहून ठेवला आहे. १९५७-५८ मध्ये ते गढवालच्या एका डोंगरी खेड्यात राहिले. त्यांचा पहिला दुभाषा ब्राह्मण होता. त्याच्यापुढे वरच्या जातीचे लोक आपले मांसाहार आणि मद्यपान लपवीत, आणि खालच्या जातींचे लोक तोंडच उघडीत नसत. चार महिन्यांनी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी मध्यमवयीन मुसलमान शिक्षक आला. गाव तेच, साहेब तोच; पण आता अस्पृश्य बोलू लागले आणि इतरही मोकळे झाले. शिक्षकी पेशाच्या या अनोळखी बांधवाविषयी आम्हांला उगाचच आपुलकी वाटते.

अलीकडे दृष्टीचा रोख वरच्या दिशेनेही वळला आहे. अजंता सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या ग्रंथासाठी मद्रास आयआयटीचा इतिहास तपासला आणि तेथून शिकून गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. पिढीजात शिक्षणाचा वारसा 'गुणवत्ता' या नावाने कसा जातमुक्त दिसू लागतो आणि जात फक्त राखीव जागेवरच्या विद्यार्थ्याच्या कपाळी कशी चिकटते, हे त्या सांगतात. आमचे जे माजी विद्यार्थी अभियांत्रिकीला गेले, त्यांना वसतिगृहातील पहिल्या आठवड्यात "तुझा रँक किती?" असे का विचारले गेले, याचे उत्तर या पुस्तकात सापडेल.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना आम्ही एकच गृहपाठ दिला. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला दहा प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचे आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवायचे. शेवटची अट महत्त्वाची होती. एकतीस वह्या आल्या. त्यांतील एका विद्यार्थिनीची पणजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेला गेली होती. मुलीने पहिलाच प्रश्न विचारला तेव्हा पणजी म्हणाली, "माझ्या दारी कागद घेऊन येनारे लई आले. जात इचारली, धंदा इचारला, गेले. परत वाचून कोनी दावलं नाही." मुलीने वाचून दाखविले, तेव्हा पणजीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. आपण नागपूरपर्यंत पायी गेलो नाही. स्टेशनापर्यंत बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने गेलो. आणि मुलीने लिहिले होते की, पणजी नवे पांढरे लुगडे नेसून गेली. ते नवे नव्हते, पांढरेही नव्हते. धुऊन धुऊन रंग गेलेले जुनेच लुगडे होते ते. दोन्ही दुरुस्त्या वहीत लाल शाईने केलेल्या आहेत. त्या एकतीसही वह्या ग्रंथालयाच्या कपाटात ठेवल्या आहेत. वर्धापनदिनाला येणाऱ्या कोणालाही त्या मागून पाहता येतील.